पॉल रोबसन : पासपोर्ट काढून घेतलेला आवाज

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम झाले. त्यांची तिकिटे सप्टेंबर २०२४ मधल्या एका रविवारी विक्रीला निघाली आणि काही मिनिटांत संपली. मग तीच तिकिटे काळ्या बाजारात लाखाच्या भावाने विकली जात असल्याच्या बातम्या आल्या. आमच्या वस्तीतील एक इंजिनिअर मुलगा त्या दुपारी तीन मोबाईल समोर मांडून बसला होता. तिकीट मिळाले नाही. त्याचा पडलेला चेहरा पाहून मला हसू आले नाही. गाणे ऐकावेसे वाटण्यात गैर ते काय? मात्र त्याच संध्याकाळी मी त्याला एका गायकाची हकीकत सांगितली. त्याच्याही जगभरच्या दौऱ्यांची तिकिटे अशीच संपत असत आणि पुढे त्याच्याच देशाच्या सरकारने त्याला आठ वर्षे देशाबाहेर पाऊल टाकू दिले नाही. पॉल रोबसन हे नाव त्या मुलाने ऐकले नव्हते. अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन १९७२ साली दलित पँथर उभी करणारा आपला समाज, आणि आपल्या शिकलेल्या मुलाला रोबसन माहीत नाही! दोष त्याचा नाही. आपण सांगितलेच नाही.

रोबसन यांचा जन्म ९ एप्रिल १८९८ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या प्रिन्स्टन गावी झाला. वडील विल्यम रोबसन गुलाम म्हणून जन्मले होते. नॉर्थ कॅरोलिनातील मळ्यावरून ते पंधराव्या वर्षी पळाले, शिकले आणि धर्मोपदेशक झाले. प्रिन्स्टनच्या काळ्यांच्या चर्चमध्ये वीस वर्षे सेवा केल्यावर त्यांना पदावरून दूर करण्यात आले. मग उपदेशकाने घोडागाडी हाकून, लोकांच्या घरची राख वाहून पोरे जगवली. आई मारिया लुईझा अंगावर निखारा पडून भाजून गेली, तेव्हा पॉल सहा वर्षांचाही नव्हता. ज्या घरात बाप राख वाहतो आणि रात्री मुलांकडून पाठांतर करून घेतो, ते घर आपल्या वाचकांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

१९१५ साली पॉल स्पर्धा परीक्षेतून शिष्यवृत्ती मिळवून रटगर्स कॉलेजात गेले. तेथे त्या वेळी ते एकटेच काळे विद्यार्थी होते. फुटबॉलच्या चाचणीच्या वेळी स्वतःच्याच संघातील गोऱ्या पोरांनी त्यांचे नाक फोडले, खांदा निखळवला. ते परत मैदानावर आले आणि देशातील सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात दोनदा निवडले गेले. तरीही १९१६ मध्ये दक्षिणेकडच्या एका कॉलेजने काळ्याबरोबर खेळणार नाही असे कळवताच त्यांच्या कॉलेजने त्यांना बाकावर बसवले. वक्तृत्वाची बक्षिसे त्यांनी घेतली, गुणवंतांच्या राष्ट्रीय संस्थेत त्यांची निवड झाली आणि १९१९ मध्ये पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांच्या वतीने भाषणही त्यांनीच केले.

त्यानंतर ते कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकले. बाबासाहेबांनी हे विद्यापीठ १९१६ मध्ये सोडले आणि रोबसन तेथे १९२० मध्ये आले. दोघांची तेथे गाठ पडली नाही. पण सात वर्षांच्या अंतराने एकाच आवारातून हे दोन तरुण बाहेर पडले आणि पुढे दोघांच्या वाट्याला जे आले ते पाहा. १९१७ साली बडोद्याच्या कचेरीत शिपाई बाबासाहेबांच्या टेबलावर लांबून फायली फेकत होते. १९२३ साली रोबसन कायद्याची पदवी घेऊन न्यूयॉर्कच्या एका वकिली कार्यालयात रुजू झाले, तेव्हा तेथील गोऱ्या लघुलेखिकेने काळ्या माणसाचे डिक्टेशन घेण्यास नकार दिला. रोबसन कोट उचलून बाहेर पडले आणि पुन्हा वकिलीकडे वळले नाहीत. बाबासाहेबांनी त्याच १९२३ साली मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. माझ्यासारख्या वकिलाला हा योगायोग विसरता येत नाही. एकाने कोर्ट धरले, दुसऱ्याने रंगमंच. दोघांनाही आयुष्यभर एकच खटला लढवायचा होता.

रंगमंचाकडे त्यांना वळवले ते पत्नी एस्लांडा यांनी. त्या रसायनशास्त्र शिकलेल्या होत्या, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करीत होत्या आणि पुढे त्या मानववंशशास्त्रज्ञ झाल्या. पतीचे करार, दौरे, हिशेब सगळे त्यांनी पाहिले. नाटकांत नाव झाल्यावर १९ एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज थिएटरमध्ये रोबसन यांनी लॉरेन्स ब्राऊन या पियानोवादकासह पहिली मोठी मैफल केली. संपूर्ण कार्यक्रम काळ्यांच्या गाण्यांचा होता. ज्यांना स्पिरिच्युअल्स म्हणतात, ती गुलामांनी मळ्यांवर रचलेली भक्तिगीते. वरवर पाहता देवाची आळवणी, आत सुटकेची ओढ. तोवर काळ्यांचे गाणे म्हणजे गोऱ्यांनी तोंडाला काजळी फासून करायची थट्टा होती. रोबसन यांनी ते गाणे काळा कोट घालून, सरळ उभे राहून, कोणताही विनोद न करता गायले. तिकिटे संपली होती आणि कित्येकांना दारातून परत जावे लागले. आपल्याकडेही तमाशातल्या गण-गवळणीला बाजूला सारून सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलसा उभा राहिला, तेव्हा घडले ते याच जातीचे होते. वाद्ये तीच, गळा तोच. पण हसवण्यासाठी उभे राहणे संपले.

मग दौरे सुरू झाले. १९२८ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात शो बोट या संगीत नाटकात त्यांनी मिसिसिपी नदीवरचे गाणे गायले आणि ते युरोपभर पोहोचले. व्हिएन्ना, प्राग, बुडापेस्ट. एप्रिल १९२९ मध्ये लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या भोजनगृहात त्यांना प्रवेश नाकारण्यात आला, कारण काही अमेरिकी पाहुण्यांना काळा माणूस शेजारच्या टेबलावर चालत नव्हता. तिकीट काढून ज्याचे गाणे ऐकायचे, त्याला टेबल द्यायचे नाही! आपल्या गावात हलगी वाजवायला, सनई धरायला आपला माणूस लागत असे, पण पंगत वेगळी. अमेरिकन वर्णभेद आणि आपली जातिव्यवस्था एक नाहीत, त्यांत फरक आहेत, ते बाबासाहेबांनीच दाखवले आहेत. पण कला घ्यायची आणि कलावंताला बाहेर ठेवायचे हा कावा दोन्हीकडे अगदी सारखा आहे.

नदीवरचे ते गाणे मूळचे एका थकलेल्या, मरणाला भ्यालेल्या काळ्या हमालाचे होते. पुढे रोबसन यांनी त्याचे शब्द बदलले. काळ्यांना हिणवणारा शब्द काढला आणि शेवटच्या रडगाण्याच्या जागी मरेपर्यंत लढण्याचा निर्धार घातला. चाल तीच ठेवली. नंतर कोलंबियात शिकायला आलेले आसामचे भूपेन हजारिका न्यूयॉर्कमध्ये रोबसन यांच्या सहवासात आले. त्या गाण्याच्या प्रेरणेने त्यांनी ब्रह्मपुत्रेकाठचे गाणे रचले, तेच पुढे हिंदीत गंगेला जाब विचारणारे गाणे झाले. आपल्या सभांतून ते अनेकदा गायले जाते. त्याचा उगम कुठला, हे गाणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते.

लंडनमधल्या वर्षांनी रोबसन घडले. वेल्समधील कोळसा खाणीचे मजूर उपासमारीच्या काळात लंडनपर्यंत गात गात चालत आले होते. त्यांचे गाणे ऐकून रोबसन त्यांच्यात सामील झाले आणि हे नाते मरेपर्यंत टिकले. आफ्रिकेतून आलेल्या खलाशांना, विद्यार्थ्यांना ते भेटले, आफ्रिकी भाषा शिकू लागले. वीसेक भाषांतून ते गाऊ शकत. १९३८ च्या जानेवारीत फॅसिस्टांशी लढणाऱ्या स्पेनमध्ये जाऊन ते आघाडीवरच्या सैनिकांसमोर गायले. याच सुमारास त्यांनी एक निर्णय घेतला. श्रीमंतांच्या सभागृहांतल्या महागड्या मैफलींऐवजी ते स्वस्त तिकिटांच्या सिनेमागृहांतून गाऊ लागले आणि वेस्ट एंडचे काम नाकारून युनिटी थिएटर या कामगारांच्या नाटक मंडळीत त्यांनी बिनपगारी भूमिका केली. तिकीट किती रुपयांचे यावरून समोर कोण बसणार हे ठरते. हे त्यांना कळले होते. आपल्या जलशाला तिकीटच नव्हते, कंदिलाच्या उजेडात सगळी वस्ती बसत असे.

१९३९ मध्ये ते अमेरिकेत परतले. रेडिओवर गाजले. १९४३ मध्ये ब्रॉडवेवर ते गोऱ्या नटनट्यांसोबत ऑथेल्लो झाले, त्या नाटकाचे २९६ प्रयोग झाले. ब्रॉडवेवर शेक्सपिअरचे कोणतेही नाटक तोवर इतके चालले नव्हते. पण मला या सगळ्यापेक्षा १९४२ सालची कॅन्सस सिटीची मैफल मोठी वाटते. गाता गाता त्यांच्या लक्षात आले की काळ्या श्रोत्यांना वेगळ्या भागात बसवले आहे. त्यांनी मैफल मध्येच थांबवली, आपला निषेध मंचावरून सांगितला आणि मगच पुढे गायले. काही गोरे उठून गेले. यापुढे वेगळ्या बैठका असतील तेथे गायचे नाही, असे त्यांनी ठरवले. ऑथेल्लोच्या दौऱ्यातही हाच नियम राहिला. बैठकीचा प्रश्न क्षुल्लक नसतो. शाळेत गोणपाटावर वेगळे बसवलेल्या मुलाने पुढे राज्यघटनेचा मसुदा लिहिला, त्याच्या अनुयायांना हे वेगळे सांगावे लागू नये.

महायुद्ध संपले आणि दक्षिणेत परतलेल्या काळ्या सैनिकांचेही झुंडबळी गेले. १९४७ मध्ये रोबसन यांनी जाहीर केले की काही काळ व्यावसायिक मैफली बाजूला ठेवून आपण वर्णद्वेषाविरुद्ध काम करणार. त्या वेळी त्यांची कमाई वर्षाला लाखभर डॉलर होती. लगेच सभागृहे बंद होऊ लागली. पिओरिया शहराने कार्यक्रम होऊ दिला नाही. ऑल्बनीत प्रकरण न्यायालयात गेले आणि परवानगी मिळाली ती फक्त गाण्यापुरती; बोलायचे नाही, अशा अटीवर. गा, पण बोलू नको! यात सगळी व्यवस्था आली.

१९४९ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत ते बोलले. जे बोलले त्याहून वेगळे आणि भडक वृत्त अमेरिकेत छापले गेले. काळे लोक सोव्हिएत रशियाविरुद्ध लढणार नाहीत, असा त्याचा मथितार्थ पसरवला गेला आणि रोबसन एका रात्रीत देशद्रोही ठरले. सुमारे ८५ मैफली रद्द झाल्या. त्यांच्या विरोधात साक्ष द्यायला कोणाला बोलावले? जॅकी रॉबिन्सन या काळ्या बेसबॉलपटूला, ज्याच्यासारख्या खेळाडूंना संघात घ्यावे म्हणून काही वर्षांपूर्वी रोबसनच क्लब मालकांकडे गेले होते. आपल्यातलाच एक माणूस आपल्याविरुद्ध उभा करायचा, ही युक्ती आपण पुष्कळ पाहिली आहे. रॉबिन्सन यांनी पुढे १९७२ मधल्या आत्मचरित्रात रोबसन यांच्याबद्दलचा वाढलेला आदर नोंदवला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण म्हटले पाहिजे.

त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या पीकस्किल येथे २७ ऑगस्टची मैफल जमावाने उधळून लावली. ४ सप्टेंबरला ती पुन्हा ठेवण्यात आली. सुमारे वीस हजार लोक आले. कामगार संघटनांच्या माणसांनी खांद्याला खांदा लावून मैदानाभोवती कडे केले, रोबसन गायले. श्रोते परतू लागले तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा उभ्या जमावाने मोटारी आणि बसगाड्यांवर दगडांचा वर्षाव केला. १४० च्या आसपास माणसे जखमी झाली. पोलीस होते. ते पाहत होते.

१९५० मध्ये परराष्ट्र खात्याने रोबसन यांचा पासपोर्ट परत मागितला, त्यांनी तो दिला नाही आणि खात्याने तो रद्द केला. कारण काय दिले? परदेशात जाऊन ते काळ्यांच्या वागणुकीबद्दल बोलतात आणि ही देशाची घरगुती बाब असल्याने ती बाहेर नेता कामा नये. न्यायालयात सरकारने असेही मांडले की हा गृहस्थ आफ्रिकेतील वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी वर्षानुवर्षे खटपट करतो आहे. म्हणजे गुन्हा कबूलच होता, फक्त तो गुन्हा कोणत्याही कायद्यात लिहिलेला नव्हता.

घरची बाब! हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. बाबासाहेबांनी तो कधी मानला नाही. ते गोलमेज परिषदेत लंडनला गेले आणि अस्पृश्यतेचा प्रश्न साऱ्या जगासमोर मांडला. १९४६ मध्ये अमेरिकेतील निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे कळताच त्यांनी विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागितल्या, कारण अस्पृश्यांसाठीही तसेच काही करण्याचा त्यांचा विचार होता. ड्यु बॉइस यांचे उत्तरही आले. हे ड्यु बॉइस रोबसन यांचे जवळचे सहकारी. १९५१ च्या डिसेंबरात काळ्यांच्या वंशसंहाराचा आरोप ठेवणारा अर्ज संयुक्त राष्ट्रांकडे देण्यात आला. विल्यम पॅटरसन यांनी तो पॅरिसमध्ये दिला. रोबसन यांना पॅरिसला जाता येत नव्हते, म्हणून त्यांनी तो न्यूयॉर्कच्या कार्यालयात नेऊन दिला.

आणि आपल्याकडे? २००१ साली दरबान येथे संयुक्त राष्ट्रांची वर्णद्वेषविरोधी परिषद भरली, तेव्हा जात हा विषय त्यात नको, ती आमची अंतर्गत बाब आहे, अशीच भूमिका भारत सरकारने घेतली होती. आपले कार्यकर्ते तरीही तेथे गेले, घोषणा दिल्या. २०२२ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताच्या सामाजिक अभ्यासाचे विषय वगळण्यात आले. परदेशात शिका, पण जातीवर संशोधन करू नका! बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबियात भारतातील जातींवर निबंध वाचला होता. या नियमांत तो बसला नसता.

पासपोर्ट गेल्यावर रोबसन यांची कमाई काही हजारांवर आली. दुकानांतून ध्वनिमुद्रिका नाहीशा झाल्या. फुटबॉलच्या जुन्या संघांची यादी एका पुस्तकात छापली तेव्हा १९१८ च्या संघात अकराऐवजी दहाच नावे राहिली. पण दौरा थांबला नाही, हीच या माणसाची कमाल. १९५२ च्या जानेवारीत त्यांना कॅनडाच्या सीमेवर अडवले, जेथे जायला अमेरिकी नागरिकाला पासपोर्ट लागतही नव्हता. व्हँकुव्हरमध्ये खाण कामगारांचे अधिवेशन वाट पाहत होते. ते टेलिफोनवरून गायले. मग १८ मे १९५२ रोजी दोन देशांच्या सीमेवरच्या पीस आर्च बागेत एक ट्रक आणून उभा केला आणि त्यावर चढून ते गायले. अंग अमेरिकेत आणि आवाज कॅनडात. तेथे हजारो माणसे गवतावर बसली होती. सलग चार वर्षे अशा मैफली झाल्या.

१९५६ मध्ये युरोप आणि अमेरिकेमध्ये समुद्राखालून टेलिफोनची पहिली तार सुरू झाली होती. २६ मे १९५७ रोजी लंडनच्या सेंट पँक्रास टाऊन हॉलमध्ये लोक जमले, मंचावर कोणी नव्हते आणि न्यूयॉर्कमध्ये बसून रोबसन त्यांच्यासाठी गायले. ऑक्टोबरात वेल्सच्या पोर्थकॉल गावी खाण कामगारांच्या गानमहोत्सवात हेच घडले आणि तिकडच्या मजुरांनी गाऊन त्यांना उत्तर दिले. कस्टमच्या कोणत्याही अधिकाऱ्याला त्या तारेवर शिक्का मारता आला नाही.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. रोबसन यांना सोव्हिएत रशियाबद्दल अपार आपुलकी होती. १९३४ मध्ये तेथे त्यांना प्रथमच माणूस म्हणून वागवले गेले, असे त्यांना वाटले. ते समजण्यासारखे आहे. पण १९४९ मध्ये मॉस्कोत त्यांचा मित्र, यिडिश कवी इत्सिक फेफर, तुरुंगातून आणून त्यांच्यासमोर बसवण्यात आला. खोलीत चोरून ऐकणारी यंत्रे होती, म्हणून फेफरने हातवाऱ्यांनी आपली आणि आपल्या साथीदारांची दशा सांगितली. ही हकीकत रोबसन यांच्या मुलाने पुढे उघड केली. रोबसन यांनी त्या दौऱ्यात मंचावरून फेफरचे नाव घेतले, वॉर्सातील ज्यूंचे लढ्याचे गाणे गायले, हे धाडस खरे. मात्र अमेरिकेत परतल्यावर ते गप्प राहिले, छळ होत असल्याचे त्यांनी नाकारले. फेफरला १९५२ च्या ऑगस्टमध्ये गोळी घालण्यात आली आणि त्याच वर्षाअखेर रोबसन यांना स्टालिन पारितोषिक जाहीर झाले. शत्रूच्या हाती कोलीत द्यायचे नाही, हे त्यांचे कारण असावे. पण जी घरची बाब बाहेर नेल्याबद्दल त्यांचा पासपोर्ट गेला, तशीच दुसऱ्याच्या घरची बाब त्यांनी झाकली. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना हिंसा आणि हुकूमशाही यांवर बोट ठेवले होते. आपण बाबासाहेबांचे अनुयायी आहोत. ज्यांना मानतो त्यांचीही चूक सांगणे आपल्याला शोभते.

जून १९५६ मध्ये अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीसमोर रोबसन यांना उभे केले. आपण कम्युनिस्ट नाही असे लिहून दिले तर पासपोर्ट मिळेल, हा सौदा होता. त्यांनी लिहून दिले नाही. माझ्या राजकीय मताचा सरकारशी संबंध काय, हा त्यांचा मुद्दा होता आणि उलटतपासणीत त्यांनी समितीलाच निरुत्तर केले. वकिली सोडलेल्या माणसाने कायदा विसरला नव्हता.

९ एप्रिल १९५८ रोजी त्यांची साठी अनेक देशांत साजरी झाली. भारतातील समितीचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला होते आणि पंतप्रधान नेहरूंनी संदेश दिला. अमेरिकी अधिकाऱ्यांनी हे होऊ नये म्हणून प्रयत्न केले, ते फळले नाहीत. त्यानंतर १६ जून १९५८ रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने चित्रकार रॉकवेल केंट यांच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला. प्रवास हा नागरिकाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे आणि माणसाच्या मतांवरून पासपोर्ट नाकारण्याचा अधिकार संसदेने परराष्ट्रमंत्र्याला दिलेला नाही, असा त्याचा आशय. रोबसन यांचा स्वतःचा खटला वरच्या न्यायालयाने ऐकलाच नव्हता. सुटका झाली ती दुसऱ्याच्या खटल्याने.

हा निवाडा आपल्याकडेही आला. १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा आधार घेऊन परदेशप्रवास हा घटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. १९७८ चा मनेका गांधी निवाडा तर प्रत्येक वकिलाला पाठ असतो. तरीही माझ्याकडे मुले येतात. खैरलांजीनंतरच्या २००६ च्या आंदोलनात किंवा जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदमध्ये त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले, पोलीस पडताळणीत ते निघाले आणि पासपोर्ट अडकला. कायद्याच्या सहाव्या कलमात फौजदारी खटला प्रलंबित असेल तर नकार देता येतो. पण खटला चालू असलेल्या न्यायालयाने परवानगी दिली, तर त्या मुदतीपुरता पासपोर्ट मिळू शकतो. हा अर्ज साधा असतो. मुलांना ते कोणी सांगत नाही आणि दुबईची नोकरी, परदेशी विद्यापीठातला प्रवेश हातचा जातो.

पासपोर्ट मिळताच जुलै १९५८ मध्ये रोबसन लंडनला उतरले. पुन्हा अल्बर्ट हॉल, सेंट पॉल कॅथेड्रल, पुन्हा तिकिटांच्या रांगा. १९५९ मध्ये ते शेक्सपिअरच्या गावी ऑथेल्लो झाले. १९६० च्या शेवटी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा दौरा झाला, तो त्यांचा अखेरचा मोठा दौरा ठरला. मैफलींची तिकिटे होती, पण ९ नोव्हेंबर १९६० ची मैफल बिनतिकिटाची होती. सिडनीचे ऑपेरा हाऊस तेव्हा बांधले जात होते. रोबसन दुपारच्या सुट्टीत तेथे गेले आणि बांधकाम मजुरांसाठी गायले. मजूर परांचीवर चढून, लोखंडी सळ्यांवर बसून ऐकत होते. ती इमारत १९७३ मध्ये राणीच्या हस्ते खुली झाली. तेथे पहिले गाणे मात्र मजुरांनी ऐकले होते. त्याच दौऱ्यात फेथ बँडलर या कार्यकर्तीने त्यांना तेथील आदिवासींच्या हलाखीचा चित्रपट दाखवला. रोबसन यांना रडू आले, संताप आला, आणि त्यांनी त्यांच्यासाठी आवाज उठवण्याचे वचन दिले.

ते पुन्हा तेथे जाऊ शकले नाहीत. मार्च १९६१ मध्ये मॉस्कोत त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. लंडनच्या एका रुग्णालयात त्यांना पन्नासहून अधिक वेळा विजेचे झटके देण्यात आले. मग पूर्व जर्मनीत उपचार झाले आणि डिसेंबर १९६३ मध्ये ते अमेरिकेत परतले. त्याच ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनचा प्रचंड मोर्चा निघून गेला होता, त्यात ते नव्हते. १९६५ मध्ये एस्लांडा गेल्या. फिलाडेल्फियात बहीण मेरियन यांच्या घरी ते राहू लागले. दार फारसे कोणासाठी उघडत नसे.

१९७३ मध्ये त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये समारंभ झाला. सभागृह भरले. प्रकृतीमुळे त्यांना येता आले नाही, म्हणून त्यांचा ध्वनिमुद्रित संदेश ऐकवण्यात आला आणि लोकांनी रिकाम्या मंचाकडे पाहत तो आवाज ऐकला. २३ जानेवारी १९७६ रोजी फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले. अंत्यविधी हार्लेममधील मदर झायन चर्चमध्ये झाला, जेथे त्यांचे थोरले भाऊ बेन पूर्वी धर्मोपदेशक होते.